वेशीतून आत

इअरफोन कानात घाला, पण आवाज बेताचा ठेवा. पंचगंगेच्या घाटावर पहाटे धुणं आपटल्याचा आवाज, देवळातली घंटा, शिवाजी पुलावरून शहरात शिरणाऱ्या दुधाच्या गाड्या, हे सगळं तुम्हाला ऐकू यायला हवं. मी त्याच्या खालून बोलत राहीन. मी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, ‘चला’ म्हटलं की चालायचं. वाटेत मिसळीचा वास आला आणि राहवलं नाही तर मला बंद करा, पोटभर खा, मग पुन्हा सुरू करा.

कोल्हापूर बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा गाडी लावतो, अंबाबाईचं दर्शन घेतो, पायताणं खरेदी करतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो. आज तुम्ही तसं करायचं नाही. आज पायी चालायचं, आणि चालता चालता प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट बघायची: इथं आत कोण होतं आणि बाहेर कोण. या शहराला एकेकाळी तट होता, खंदक होता, सहा वेशी होत्या. तट गेला, खंदक बुजला. पण माझं मत विचाराल तर या शहराची खरी गोष्ट दरवाजांचीच आहे. कोण शिरलं, कुणाला अडवलं, कुणी आतून कडी घातली आणि कुणी ती काढली.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहा. समोरचं पाणी पाच नद्यांचं. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती. या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि मग पंचगंगा होऊन इथं पोचतात. जुलै-ऑगस्टात इथं आलात तर ही पायरी दिसणार नाही. त्या दिवसांत कोल्हापुरात माणसं एकमेकांना खुशाली विचारायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात नदी ही रेघ ओलांडून कितीतरी वर गेली आणि लोकांच्या घरात शिरली. नदीला वेस कधीच अडवू शकली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चला. घाटाला लागूनच जो उंचवटा आहे ती ब्रह्मपुरी. आज इथं घरं आहेत, गल्ल्या आहेत, दारात लावलेल्या मोटारसायकली आहेत. एखाद्या भिंतीच्या सावलीला थांबा आणि डोळे मिटा.

आता इसवी सनाचं दुसरं शतक आहे.

पायाखाली चिखल-मातीची जमीन, पण भिंती भाजक्या विटांच्या. कुणीतरी तांबट ठोकतोय, त्याचा ठेका एकसारखा चाललाय. तुमच्या हातात एक नाणं ठेवलं जातं: एका बाजूला धनुष्य आणि बाण, काठाला ब्राह्मी अक्षरं. विळिवायकुर नावाच्या राजाचं ते नाणं, या भागात अशी बरीच सापडलीत. पलीकडच्या घरात एक व्यापारी गाठोडं सोडतोय. त्यातून एक कांस्याची मूर्ती निघते, हातात सहज मावेल एवढीच. उघडा पुरुष, दाढीवाला, एक हात वर उचललेला, जणू त्या हातात काहीतरी धरलेलं असावं. घरातली बाई कुतूहलानं बघते. हा कुठला देव, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. हा पोसायडन. ग्रीकांचा आणि पुढं रोमनांचाही समुद्रदेव. वर उचललेल्या हातात त्रिशूळ असणार. मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून निघालेलं जहाज कोकणाच्या एखाद्या बंदराला लागलं असेल, आणि तिथून बैलाच्या पाठीवर घाट चढून हा देव नदीकाठच्या या गावात आला असेल. समुद्र इथून कितीतरी लांब, पण समुद्राचा देव मात्र घरात.

डोळे उघडा. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी याच उंचवट्यावर शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वरच्या थरांत बहामनी काळाच्या खुणा, खाली सातवाहन काळातली विटांची घरं. पोसायडन आज टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. कोल्हापूरच्या शाळांमधली पोरं सहलीला तिथं जातात तेव्हा तोफांपुढं गर्दी करतात आणि या मूर्तीपुढून सरळ निघून जातात. मला वाटतं, प्रत्येक पोराला तिच्यापुढं निदान दोन मिनिटं उभं करायला हवं. आपलं गाव अठराशे वर्षांपूर्वीसुद्धा कोपऱ्यातलं नव्हतं, हे त्यानं एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

जाणकार सांगतात की कोल्हापूर हे मुळात एक गाव नव्हतंच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, पद्माळा, रंकाळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या होत्या, जवळजवळ पण वेगवेगळ्या. त्या हळूहळू एकमेकींत मिसळल्या. प्रत्येकीजवळ पाणी होतं, तळं किंवा तीर्थ. आज चालताना तुम्ही ज्या जमिनीवर पाय ठेवणार आहात तिच्यातली बरीच एकेकाळी पाणी होती. कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे. वरुणतीर्थावर गांधी मैदान आहे, जिथं निवडणुकीच्या सभा होतात. पावसाळ्यात त्या मैदानात पाणी साठलं की जुने लोक त्याला नवल म्हणत नाहीत.

गंगावेशीत या.

दरवाजा शोधू नका, तो नाही. चौक आहे, रिक्षा आहेत, आणि संध्याकाळी आलात तर दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या दिसतील. गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि तोच फेसाळ पेला हातात देतात. जवळच गंगावेस तालीम आहे. मल्ल आणि म्हैस यांचं नातं या चौकात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस, आदितवार वेस, मंगळवार वेस, शनिवार वेस. प्रत्येक वेशीत बाहेरून येणाऱ्याला आधी नजरेनं तपासलं जायचं. तुम्हीही आता तसेच आत शिरता आहात. डोक्यावर मोळी आहे असं समजा. संध्याकाळी दार लागायच्या आत बाहेर पडायचंय, नाहीतर रात्र कुणाच्या तरी ओसरीवर.

पापाच्या तिकटीकडं चला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूला चपलांची दुकानं. एक जोड उचला आणि पायात घाला. दोन पावलं टाका. ऐकू आलं? कर्र, कर्र. पूर्वी हौशी माणूस मुद्दाम कर्रकर्र वाजणारी जोडी करवून घ्यायचा, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पाऊल पडलं की घरात कळावं, धनी आले. कातडं बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं, वेणी हातानं घातलेली. ही जोडी शिवणारा समाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिला. त्याची वस्तू राजवाड्यात गेली, तो स्वतः दाराशी थांबला. हे लक्षात ठेवून पुढं चला, शेवटी आपण याच गोष्टीपाशी पोचणार आहोत.

महाद्वार. थांबा. इअरफोन काढा आणि नुसतं ऐका. घंटा, चपला सांभाळणाऱ्या पोरांच्या हाका, ओटीचं साहित्य विकणाऱ्या मावश्या, ‘ओ पावणं, बाजूला व्हा की!’ म्हणत डोक्यावर हारांची टोपली घेऊन घुसणारा गडी. आता पुन्हा घाला.

अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं. शिलाहार राजांच्या काळात करवीर, म्हणजे हे कोल्हापूर, मोठं नावारूपाला आलेलं होतं. गंडरादित्य, विजयादित्य, दुसरा भोज ही त्यांच्यातली मोठी नावं, आणि पन्हाळ्याच्या बांधणीशी या भोजाचंच नाव जोडलं जातं. पण मी तुम्हाला इथं राजांसाठी थांबवलेलं नाही, उन्हासाठी थांबवलंय. दिवस १० नोव्हेंबरचा समजा. मावळतीची वेळ. महाद्वार पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य खाली उतरतो तसा त्याचा किरण महाद्वारातून आत येतो, गरुड मंडपातल्या लाकडी खांबांमधून सरकतो, पितळी उंबरा ओलांडतो आणि गाभाऱ्यात शिरतो. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि मग पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. वर्षातून दोनदाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या सुमारे एकेचाळीस दिवस आधी जिथं मावळतो, तिथंच तो तेवढ्याच दिवसांनी परत येतो. ज्यांनी हा दरवाजा आखला त्यांनी क्षितिजावर नजर ठेवून किती मावळती मोजल्या असतील! आता काही वर्षी ढग किंवा धूळ आड येते, काही वर्षी वाटेतली उंच बांधकामं, आणि किरण मधेच अडतो. त्या संध्याकाळी मंडपात जमलेली माणसं काही न बोलता घरी जातात. सूर्याची वाट मोकळी ठेवणं हे कुठल्याही सुशोभीकरणापेक्षा महत्त्वाचं आहे, असं मला ठाम वाटतं.

या गाभाऱ्यातूनही एकदा देवी बाहेर गेली होती. आक्रमणांच्या काळात मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, आणि करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, १७१५ च्या विजयादशमीला, ती पुन्हा इथं बसवली, असं परंपरा सांगते. म्हणजे देवीसुद्धा बरीच वर्षं कुणाच्या तरी माजघरात राहिली. तुम्ही त्या घरात आहात अशी कल्पना करा. बाहेर घोड्यांच्या टापा. दिवा विझवलेला. घरातली म्हातारी पोराच्या तोंडावर हात ठेवते. कोपऱ्यात कापडाखाली काय आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आणि अगदी अलीकडं, २०१६ च्या एप्रिलमध्ये, गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही यावरून याच उंबऱ्याशी रण माजलं. देवी बाईच, तरी तिच्या दारात बायकांना भांडावं लागलं.

भवानी मंडपाकडं चला. अंतर थोडंच आहे. उंच नगारखान्याखालून आत शिरा, घोडा असता तर लगाम ओढावा लागला असता. हा जुना राजवाडा.

करवीरची गादी जन्मली ती भाऊबंदकीतून, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांच्या राणी ताराबाई पंचविशीत होत्या. औरंगजेबाशी त्या सात वर्षं लढल्या. मग १७०७ मध्ये राजारामांचे पुतणे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या. ताराबाईंनी पन्हाळ्यावरून कारभार मांडला. पुढं त्यांनाच त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, बाजूला सारून स्वतःचा मुलगा संभाजी गादीवर बसवला. १७३१ च्या वारणेच्या तहानं नदी ही सीमा ठरली. वारणेच्या पलीकडं सातारा, अलीकडं कोल्हापूर. एकाच आजोबांचे नातू, आणि मध्ये पाणी. राजधानी पन्हाळ्यावरून इथं खाली आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हा हा राजवाडा गजबजला.

आता अंधार करा. १८५७.

जुलैची ३१ तारीख, पावसाळ्याची रात्र. छावणीतली २७ वी देशी पलटण उठते. खजिन्याकडं धावणाऱ्या पावलांचा आवाज, एखादी गोळी. हा उठाव मोडला जातो, शिपायांना तोफेच्या तोंडी देतात. गाव बघत राहतं. पण गोष्ट संपत नाही. ६ डिसेंबरला पहाटे तुम्हाला वेशीच्या कडीचा आवाज ऐकू येईल, जड, लोखंडी. या वेळी दार आतून लावलंय. शहर स्वतःहून बंद झालंय. बाहेर इंग्रजांचा कर्नल जेकब आपली फौज घेऊन उभा आहे. गादीवर बाबासाहेब महाराज, पण लोकांच्या तोंडी नाव आहे त्यांच्या धाकट्या भावाचं, चिमासाहेबांचं. तुम्ही तटाच्या आत, भिंतीला पाठ लावून. शेजारचा माणूस हातातली बंदूक पुसतो, पुन्हा पुसतो. मग वेशीवर घाव, धूर, लाकूड फुटल्याचा आवाज. दार पडतं. दिवस मावळायच्या आत शहर त्यांच्या हातात जातं आणि पकडलेल्यांना देहदंड होतो. चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवतात. १८६९ मध्ये ते तिथंच गेले. या शहरात त्यांच्या नावाचा चौक आहे. रोज हजारो माणसं त्या सिग्नलला थांबतात. पुढच्या वेळी तुम्ही थांबाल तेव्हा त्या माणसाला आठवा, जो पुन्हा या वेशीतून आत येऊ शकला नाही.

त्यांच्या पाठोपाठ आणखी एक जण परतला नाही. बाबासाहेबांनंतर गादीवर आलेले राजाराम महाराज विशीतले. इंग्रजी शिकलेले, रोजनिशी लिहिणारे. १८७० मध्ये ते समुद्र ओलांडून विलायतेला गेले, राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथं दहनाची चाल नव्हती. बरोबरच्या माणसांनी परवानगी मिळवली आणि जागा निवडली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमाची. प्रयाग चिखलीच्या माणसांना परक्या मुलखात संगमच आठवणार. तिथं आज मेघडंबरीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. ती मेघडंबरी रचली चार्ल्स मँट या वास्तुकारानं. त्याच मँटनं इथला टाउन हॉल आणि नवा राजवाडा आखला. म्हणजे भाऊसिंगजी रोडवर टाउन हॉलची उंच, उतरती छपरं बघाल तेव्हा आर्नोच्या काठाचाही थोडा भाग तुम्ही बघत असाल.

खरी कॉर्नरवर क्षणभर थांबा. कॅमेऱ्याचं स्मारक आहे ना, ते बाबूराव पेंटरांचं. सुतार घराण्यातला हा माणूस पडदे रंगवायचा. त्यानं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलाला हात दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. या कंपनीत शिकलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १९२९ मध्ये इथंच प्रभात काढली आणि चार वर्षांत ती पुण्याला नेली. कोल्हापूरला ती हळहळ अजून आहे.

आता खासबाग. मैदान खाली, प्रेक्षक वर, गोलाकार. कुठंही बसा, हौदा दिसतोच. कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, रोममध्ये त्यांनी ते जुनं गोल क्रीडागार पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापूरच्या तांबड्या मातीत कुस्तीसाठी हे उभं राहिलं. मातीच्या जवळ जा. हळद, तेल, ताक मुरलेली ही माती हातात घेऊन दाबली की मुठीचा ठसा राहतो. हलगी वाजते. दोन मल्ल हात मिळवतात, शड्डू ठोकतात, आणि हजारो गळ्यांतून एकदम आवाज उठतो. कुस्तीला महाराजांनी जात विचारली नाही आणि प्रांतही विचारला नाही. उत्तरेतले मल्ल इथं येऊन राहिले, लढले.

मैदानाला लागून जे नाट्यगृह होतं ते १९१५ चं पॅलेस थिएटर, पुढं केशवराव भोसल्यांच्या नावाचं. आत नजरेआड येणारा एकही खांब नव्हता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री या रस्त्यावर रंगकर्मी, पडदे ओढणारे, तिकीट फाडणारे, नुसते नाटक बघणारे असे कितीतरी लोक धुराकडं बघत उभे होते आणि रडत होते. मीही कोल्हापूरच्या रंगभूमीवर जीव असलेला माणूस आहे; ती बातमी आजही मला सरळ वाचता येत नाही. नवं नाट्यगृह जुन्यासारखं घुमायलाही हवं, नुसतं जुन्यासारखं दिसून भागणार नाही.

बिंदू चौकात या. इथं आदितवार वेस होती. चौकाच्या कडेला तटबंदीचा उरलेला तुकडा अजून उभा आहे आणि त्याला लागून तुरुंग. जा, हात लावा त्या दगडाला. वेल्सच्या सीमेवर नाइटन नावाचं छोटं गाव आहे, आठव्या शतकातल्या ऑफा राजानं घातलेल्या मातीच्या बांधावरच वसलेलं. ऑफाचं राज्य कुठं संपतं आणि वेल्स कुठं सुरू होतं हे सांगायला घातलेला तो बांध. लोक आज त्या बांधावरून मैलोन्‌मैल चालतात. आपल्याकडच्या या दगडाला पोस्टर चिकटवतात. मला हे पटत नाही. भिंत ज्यांना बाहेर ठेवायला बांधली त्यांच्या नातवंडांना ती दाखवायला हवी, कारण त्यांनी ती जिंकलीय.

ती कशी जिंकली ते समोरच आहे. दोन पुतळे: महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं, ते बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. हयात माणसाचा पुतळा वेशीच्या तोंडाशी उभा करणं, हे त्या दिवशी चौकात जमलेल्यांनी काय समजून केलं असेल?

लक्ष्मीपुरीतून दसरा चौकात पोचा. दसऱ्याला इथं छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात आणि सोनं लुटतात, ती गर्दी एकदा अनुभवाच. पण आज चौकाभोवतीच्या इमारती बघा. वसतिगृहं आहेत ही, बोर्डिंगं. १९०१ चं मराठा बोर्डिंग, त्याच वर्षीचं जैन बोर्डिंग, १९०६ चं मुस्लिम बोर्डिंग, मग मिस क्लार्क बोर्डिंग, लिंगायतांचं, आणखी किती. एक दार उघडं आहे, त्यात तुम्ही उभे आहात. वय बारा. गाव राधानगरीकडचं. काखेत वळकटी, तिच्यात घोंगडं आणि भाकरी. घरात शिकलेलं कुणी नाही. शहरात खोली कुणी देणार नाही, कारण कुठल्या आळीतलं पोर ते आधी विचारतात. इथं विचारलं ते वेगळं: कितवीत बसायचं? १९०२ च्या जुलैत, शाहू महाराज तिथल्या राजाच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडमध्ये असताना, संस्थानाच्या गॅझेटात हुकूम निघाला की रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागास वर्गांना द्यायच्या. पण नोकरीच्या दारापर्यंत पोचायला आधी हे दार लागतं. महाराजांना ते कळलं होतं.

भाऊसिंगजी रोडला वळा. टाउन हॉल मागं टाकला. आता चालणं सावकाश करा.

विसाव्या शतकाचं दुसरं दशक सरत आलंय. रस्त्यावर टांगे, सायकली, धूळ. राजवाड्याच्या पागेत काम करणारा, अस्पृश्य मानलेल्या समाजातला गंगाराम कांबळे नावाचा माणूस. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराज गावाला नव्हते. परत आल्यावर गंगारामांनी गाठून पाठ दाखवली. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तिथं थांबले नाहीत. चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, म्हणून त्यांनी पैसे दिले, आणि या रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल निघालं. नाव ‘सत्यसुधारक’.

बघा, समोर आहे. फळ्यांचं दार, आत बाकं, चुलीवर आधण. भांडी घासून लख्ख. आणि गिऱ्हाईक नाही. माणसं समोरून जातात, पाटी वाचतात आणि दुसऱ्या बाजूला जातात. चहाचा वास येतोय, थंडी आहे, तरी कुणी पायरी चढत नाही. ही वेस दगडाची नाही, म्हणून ती फोडायला तोफ चालत नाही.

मग घोड्यांच्या टापा. खडखडा ओळखीचा आहे, सगळा रस्ता थबकतो. महाराज गाडीतूनच हाक मारतात आणि चहा मागवतात. गंगाराम कपबशी घेऊन येतात. महाराज पितात. बरोबर बसलेल्या सरदारांकडं आणि अधिकाऱ्यांकडं बघतात. त्यांच्याही हातात कप येतात. नकार द्यायची सोय नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. हळूहळू पायरीवर एक गिऱ्हाईक दिसतं, मग दोन. महाराज ६ मे १९२२ ला गेले. त्यांचं स्मारक उभारायला सगळ्यात आधी जी माणसं पुढं झाली त्यांत गंगाराम कांबळे होते.

तुम्ही अजून रस्त्यातच उभे आहात. चढा ती पायरी. बाकावर सरकून बसायला जागा आहे, आधण उकळलंय, आणि गंगारामांनी तुमच्यासाठी कप विसळायला घेतलाय.